वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश आजीची जन्मनोंद पुण्यात बसून कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा: आजी 1943 साली कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात आली, पुढे कोल्हापुरातच लग्न करून राहिली, कागदांवर जन्मस्थळ नुसतं 'ल्वुफ, पोलंड' एवढंच आहे, तर तिची जन्मनोंद मिळेल का? माझी आजीही त्याच कॅम्पातली. तिची नोंद मिळवायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातलं दीड वर्ष चुकीच्या जागी शोधण्यात गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाव शोधा, नाव नंतर. दुसऱ्या महायुद्धाआधी पोलंडच्या त्या भागात कॅथलिक मुलाच्या जन्माची नोंद चर्चमध्ये पाद्रीच करायचे आणि तीच सरकारदरबारी चालायची. त्यामुळे तुम्हाला हवी आहे ती एका विशिष्ट पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांची, वही. 'ल्वुफ' हे शहराचं नाव तसंच एका मोठ्या प्रांताचंही. आमच्या आजीच्या कागदावर 'तार्नोपोल' होतं, तिथंही हाच घोळ. मी महिनोन् महिने तार्नोपोल शहराच्या नोंदी चाळत बसलो.

गाव सापडलं ते आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात. पानांत एक छोटं धार्मिक चित्र होतं, कडा झिजलेल्या, मागच्या बाजूला जांभळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीला, पोलिश मुलांना असं चित्र आठवण म्हणून देतात. त्यावर मुलीचं नाव, तारीख आणि पॅरिशचं नाव होतं. ते चित्र आम्ही लहानपणापासून पाहत होतो. उलटं करून कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

असं काही हाती लागलं नाही तर 'इंडेक्स रेप्रेस्योनोवानिख' ही पोलिश सरकारी संस्थेची ऑनलाइन सूची पाहा. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं सैबेरिया, कझाकस्तानला हाकललेल्या लोकांची नावं तिच्यात आहेत. वळिवड्याची बहुतेक माणसं यांतलीच, इराणमार्गे इकडं आलेली. बऱ्याच नावांपुढे वडिलांचं नाव, जन्मवर्ष आणि कुठून नेलं ते गाव मिळतं.

पण इथं एक सावधगिरी, कारण बरेचजण इथंच चुकतात. फेब्रुवारी 1940 मध्ये जे नेले गेले त्यांत 'ओसादनिक' पुष्कळ होते, म्हणजे 1920 नंतर पूर्व सीमेवर जमिनी देऊन वसवलेले माजी सैनिक. त्यांचं मूळ गाव पोलंडच्या दुसऱ्या टोकाला असू शकतं. आजी मोठी लेक असेल तर तिचा जन्म आईच्या माहेरच्या गावी झालेला असण्याची शक्यता धराच. जिथून नेलं तेच जन्मगाव, असं गृहीत धरू नका.

आडनावाचंही तसंच. लग्न न झालेल्या मुलीच्या आडनावाला तिकडं शेपूट लागायचं: वडील नोवाक तर मुलगी नोवाकुव्हना. शोधताना नोवाक टाका. कॅम्पातल्या इंग्रजी कागदांवर पोलिश अक्षरांच्या खुणाही गळून जातात. 'एल'वर तिरकी रेघ असेल तर उच्चार 'व' असतो, म्हणून आजी सांगायची ते नाव आणि कागदावरचं नाव वेगळं वाटेल.

आता कुठं मागायचं. ल्वुफ आज युक्रेनमध्ये आहे, पण युद्धानंतर त्या भागातल्या चर्चच्या बऱ्याच वह्या वॉर्सात आल्या. जन्माची वही 100 वर्षं नोंदणी कार्यालयात राहते, मग अभिलेखागारात जाते. म्हणजे साधारण 1925 च्या आधीच्या जन्मासाठी वॉर्सातलं 'आगाद' हे जुन्या दस्तऐवजांचं अभिलेखागार (त्यांची बरीच स्कॅन्स घरबसल्या फुकट दिसतात), आणि नंतरच्या जन्मासाठी वॉर्सा शहराचं नोंदणी कार्यालय. दोन्हीकडं नसेल तर ल्वुफमधलं युक्रेनचं ऐतिहासिक अभिलेखागार. पॅरिशची कुठली वर्षं कुठं आहेत ते आधी पाहा, मग पत्र लिहा. जन्मगाव आजच्या पोलंडमध्ये निघालं तर 'गेनेतेका' ही स्वयंसेवकांनी बनवलेली सूची पहिल्यांदा उघडा.

नोंदणी कार्यालयातून दाखला घेताना 'पूर्ण उतारा' मागा, 33 झ्वोती (पोलिश चलन) लागतात. संक्षिप्त 22 ला मिळतो, पण समासातल्या नोंदी त्यात येत नाहीत. मुंबईच्या पोलिश वाणिज्य दूतावासातूनही अर्ज करता येतो, त्याचं शुल्क वेगळं. नातवंडाला मागण्याचा हक्क आहे, फक्त नातं दाखवावं लागतं. आणि आपल्याकडं खरी अडचण तिथंच येते. लग्नात आमच्या आजीचं नाव बदललं होतं. रेशनकार्डावर मराठी नाव, वहीत पोलिश नाव, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद एकच, लग्नाचा. तो आधी हुडकून ठेवा.

आमच्या आजीची ओळ लॅटिनमध्ये निघाली, ऑस्ट्रियाच्या काळापासूनच्या (तो भाग आधी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता) रकान्यांत: तारीख, बाप्तिस्म्याचा दिवस, घर क्रमांक, आईवडील, धर्ममातापिता. सुईणीचंही नाव होतं. घर क्रमांक पाहिला आणि आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं ते कितीतरी वेळ उचललंच नाही.

तर आजीची पेटी, पुस्तकं, फोटो खाली काढा आणि प्रत्येक वस्तूची मागची बाजू पाहा. शिक्का किंवा अक्षर लागत नसेल तर त्याचा फोटो पाठवा, मी वाचून देतो.