वीज लावून माती साफ करायची, तर शाखा कुठली?

गंगापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम घेतलंय. विजेच्या प्रवाहाने दूषित माती साफ करता येते हे तिने वाचलं, आणि आता तेच शिकायचं म्हणते. 'इलेक्ट्रिकलला घालू की ॲग्रीला?' असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिकल नको. या कामात विजेचा भाग सगळ्यात सोपा: जमिनीत इलेक्ट्रोड पुरायचे आणि त्यांच्यातल्या दर सेंटिमीटरला साधारण 1 व्होल्ट पडेल एवढा डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) द्यायचा. खरी डोकेदुखी मातीच्या पोटात आहे. धन टोकाशी पाणी फुटून आम्ल होतं, ऋण टोकाशी अल्कली. आम्ल मातीच्या कणांना चिकटलेलं शिसं, तांबं सोडवतं आणि हे धातू ऋण टोकाकडे निघतात. वाटेत अल्कली भेटली की हायड्रॉक्साइड होऊन तिथेच बसतात. म्हणून ऋण टोकाशी सायट्रिक किंवा ॲसिटिक ॲसिड सोडत राहावं लागतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमचं विषारी रूप, मातीत ऋणभारित असतं) तर दिशाच उलटी, तो धन टोकाकडे जातो.

जिथून पाणी उपसून प्रदूषण काढता येत नाही अशा चिकण मातीसाठी ही पद्धत. मग आपली काळी माती हिच्यासाठी अगदी योग्य वाटेल. पण तिच्यात चुनखडी असते आणि ती चुनखडीच तयार झालेल्या आम्लाला खाऊन टाकते. शिवाय धन टोकाकडची माती आधी सुकते, भेगाळते आणि करंट कमी होतो. हे मुलीला घरी पाहता येईल.

काळी माती 1 किलो, मोरचूद 2 ग्रॅम (म्हणजे किलोमागे जवळपास 500 मिलिग्रॅम तांबं). डिस्टिल्ड पाण्यात घट्ट चिखल करून प्लास्टिकच्या डब्यात भरा. बोअरचं खारं पाणी नको, धन टोकाशी क्लोरीन सुटतो. 12 सेंटिमीटर अंतरावर दोन कार्बनच्या कांड्या आणि 12 व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर. लोखंडी सळई लावू नका, धन टोकाला ती झिजून मातीत उतरते. घरातल्या प्लगची वीज थेट लावायची नाही. डबा उघड्यावर ठेवा, कारण ऋण टोकाशी हायड्रोजन निघतो. पाच दिवसांनी मातीचे पाच काप करा. प्रत्येकातली 10 ग्रॅम माती 25 मिली पाण्यात ढवळून पीएच बघा. तांबं फार सरकलेलं नसेल. मग दुसऱ्या डब्यात ऋण टोकाशी रोज थोडं व्हिनेगर घालून तोच प्रयोग करा आणि दोन्ही पीएच शेजारी मांडा. यात तिचं मन रमलं तरच पुढचा विचार करा.

माझी पसंती केमिकल इंजिनिअरिंगला, त्याखालोखाल सिव्हिल. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी संस्थेत केमिकल आहे. पुढे पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेक. गेटला (एमटेकची प्रवेश परीक्षा) 2021 पासून या विषयाचा वेगळा पेपर आहे. मातीच जास्त आवडत असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री आणि मग मृदाशास्त्रात एमएस्सी. हा रस्ताही कमी नाही, चुनखडीचा हिशेब तिथेच नीट शिकवतात.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. फक्त वीज लावून माती साफ करायच्या नोकऱ्या आज भारतात शोधून सापडणार नाहीत. काम मिळतं ते आधीच्या टप्प्यावर: बोअर घेऊन माती-पाण्याचे नमुने काढणं, धातू मोजणं, दूषित भागाचा नकाशा करणं. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम काढले आहेत, त्यामुळे हे काम वाढेल असं मला वाटतं. इलेक्ट्रोड हे तिचं खास कौशल्य असू द्या, पोटापाण्याचा आधार नव्हे.

आणि हो, प्रयोग झाल्यावर ती माती बांधावर किंवा विहिरीजवळ फेकू नका. पिशवीत बांधून, वर 'तांबं' लिहून कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये द्या.