मधल्या सुट्टीत वर्गात बस

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गातल्या एका मुलाला बाकीची पोरं छळतात, असा तुला संशय आहे. त्याला तू तीन वेळा विचारलंस आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "काही नाही सर, मस्करी करतात." अरे, तो दुसरं काय म्हणणार? त्याला उद्याही त्याच पोरांत बसायचंय. विचारणं थांबव आणि मधल्या सुट्टीत वर्गात बस.

शिक्षक खोलीतला चहा सोड. डबे उघडतात तेव्हा कोण आलं की घोळका आवळतो, कोण डबा न उघडताच दप्तरात ढकलतं, ते बघ. हजेरीत कुठल्या नावाला तिघं एकमेकांकडे बघून हसतात, गट पाडताना कोण उरतं, दर सोमवारी कुणाचं पोट दुखतं. "पोरं चिडवतातच" हे तुमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाच्या अभ्यासात आयुष्य घातलं. त्यांची कसोटी साधी: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि सोसणाऱ्याला परतवता न येणारं. आज याची पाळी, उद्या त्याची, तर ती मस्करी. रोज एकाचीच पाळी असेल तर त्याला वाळीत टाकलंय. त्याविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ साली कायदा केला, पण तो गावकीसाठी. आठवी 'ब'साठी तूच आहेस.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. रोज मधल्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी यायची. "बाई, अजून काही काम आहे?" मी तिला गुणी म्हणायचे, पालक सभेत कौतुकही केलं. वर्षाअखेर तिने दाखला काढला. मग शिपाईमावशींनी सांगितलं, "तिच्याशी वर्षभर कुणी बोलत नव्हतं, बाई." मावशींना माहीत होतं. त्या व्हरांड्यात असायच्या, मी चहा पीत होते.

साठचा पट होता, पेपरांचे गठ्ठे होते, निवडणुकीची कामं होती. हे खोटं नाही. पण मधली सुट्टी माझीच होती, हेही खोटं नाही.

तर बस. त्याच्या शेजारी मात्र नको, नाहीतर "सरांचा लाडका" हे आणखी एक नाव चिकटेल. त्याला आणि चिडवणाऱ्याला समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नकोस. मग त्याला बाहेर दामदुप्पट सोसावं लागतं. दिसेल ते तारखेनिशी लिही. त्याच्या आईला बोलव, पण शिपायाकरवी वर्गात निरोप धाडून नको. मामला हाताबाहेरचा वाटला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच, तिथे फोन करायला मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही.

आणि मावशींना विचार. आजच.

— तुझ्या बाई