साधं राहायचं, पण कोणाच्या जिवावर?

प्रश्न : मी बँकेत आहे, वय ५२. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मेळघाटात सेवेला वाहून घ्यायचंय. गरजा कमी करायला लागलोय, वॉशिंग मशीन देऊन टाकलं. डॉ. कोल्हे दांपत्याचं उदाहरण बायकोला सांगतो, तर ती म्हणते, "तुम्ही व्हा संत, मी माहेरी जाते." तिला कसं पटवू? (नाशिक)

उत्तर : दादा, मशीन गेल्यापासून कपडे कोण धुतं? एवढं सविस्तर पत्र, पण ते काही लिहिलं नाहीत. वहिनीच धूत असतील, तर गरजा तुमच्या कमी झाल्या आणि कंबर त्यांची मोडली.

कोल्ह्यांची गोष्ट सांगताय, तर पूर्ण सांगा. मेळघाटातल्या बैरागडला राहून आदिवासींवर उपचार करायचे म्हणून डॉ. रवींद्र कोल्ह्यांनी लग्नाआधीच अटी सांगितल्या होत्या : ४० किलोमीटर चालायची तयारी, ५ रुपयांत नोंदणी लग्न, महिन्याला ४०० रुपयांत संसार आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. स्मिताताई नागपुरातली प्रॅक्टिस सोडून आल्या, त्या हे सगळं ऐकून. २०१९ची पद्मश्रीही दोघांना मिळाली. वहिनींनी मात्र पगारदार माणसाशी लग्न केलं, आणि अटी तुम्ही आत्ता काढताय.

तेव्हा पटवणं सोडा. पासबुक, पेन्शनचे कागद घेऊन दोघं बसा. पुढच्या जबाबदाऱ्या, औषधपाणी, त्यांना स्वतःला काय करायचंय, सगळं निघू दे. मध्ये बोलू नका. (हे तुम्हाला ४० किलोमीटरपेक्षा जड जाईल.)

दरम्यान, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंदच असते. सिव्हिल हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मदतीला येऊ का विचारा. सरकारच्या महात्मा फुले योजनेत मोफत उपचार हवेत म्हणून खेड्यातून आलेली म्हातारी रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट पिशवीत घेऊन रांगेत असते. कुठली झेरॉक्स कुठल्या खिडकीवर द्यायची, तिला कळत नाही. तुमचा जन्म कागदांत गेलाय, तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. यात फोटो नाही, हारही नाही. सेवाभावी संस्थांचंही तेच. झोकून देणारे पुष्कळ येतात, हिशेब वेळेत लावून देणारा सापडत नाही.

सहा महिने शनिवार चुकले नाहीत, तर मेळघाटचा विषय पुन्हा काढा. आधी आठ दिवस दोघांनी नुसतं बघून या. तिकिटं वहिनी हो म्हणाल्यावरच काढा.