दार त्यांच्या घरात असतं

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

समुपदेशनाच्या ऑनलाइन सेशनसाठी कुठलं ॲप घेऊ, उजेड कुठून यावा, मागे पुस्तकांचं कपाट दिसलं तर बरं का, असं तू विचारलंस. कपाट दिसलं तर दिसू दे. समोरचा माणूस कुठे बसून बोलणार आहे, ते आधी बघ.

केबिनमध्ये दार आपण लावतो. ऑनलाइनला ते दार क्लायंटच्या घरात असतं, आणि अशोक चौकाकडच्या दोन खोल्यांच्या घरात बऱ्याचदा दोन खोल्यांच्या मध्ये दार नसतंच. शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, आत सासूबाई, पोरं. अशा घरातली बाई "तसं सगळं ठीक आहे" म्हणाली, तर ते वहीत उतरवण्याआधी कोण ऐकतंय ते विचार. प्रश्न असा कर की तिला नुसतं हो-नाही म्हणून सुटता येईल. एक वाक्यही पहिल्याच दिवशी ठरवून ठेव. कोणी आत आलं की तिनं "पावती नंतर पाठवते" म्हणायचं आणि तू लगेच बोलणं मुलांच्या शाळेवर न्यायचं. इयरफोन लावायला सांग, पण त्यानं तुझं बोलणं लपतं, तिचं नाही.

काहींना गच्ची सोयीची पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि संध्याकाळपर्यंत गच्चीवर पाय ठेववत नाही, तेव्हा त्या दिवसांत रात्री आठची वेळ मोकळी ठेव. कोणी उभ्या केलेल्या रिक्षात बसून बोलेल. चालेल. चालवता चालवता मात्र नाही, तिथे सेशन सरळ थांबव.

विड्या वळता वळता बोलणाऱ्या बायकाही येतील. हात कामात, नजर पानावर, कॅमेरा बंद. घरच्यांच्या लेखी ती कामच करत असते, आणि डोळ्यांत बघावं लागत नाही म्हणून बोलणं मोकळं होतं. व्हिडिओचा आग्रह बहुतेक वेळा आपल्याच समाधानासाठी असतो, असं माझं मत आहे. बोलता बोलता ती तेलुगूत किंवा कन्नडमध्ये गेली तर अडवू नकोस, रडू येतं तेव्हा माणूस घरच्या भाषेत जातो. ओसरलं की "आता मला कळेल असं सांगाल?" म्हण.

शांततेचं काय करायचं, हे पुस्तकात शिकलीस. फोनवर मात्र चार सेकंद गप्प राहिलीस की पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" सुरू होतं, आणि ओठांवर आलेलं आत जातं. म्हणून आधीच सांगून ठेव, की मी कधी कधी गप्प राहीन, तेव्हा नेटवर्क गेलंय असं समजू नका. खरंच गेलं तर परत फोन कोणी करायचा, तेही ठरलेलं असू दे. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात.

आता ज्यात हयगय चालणार नाही, ते. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आज कुठून बोलताय?" विचार आणि पत्ता लिहून घे. क्लायंट असलेला आपल्याकडचा एखादा मुलगा या आठवड्यात पुण्याला हिंजवडीच्या पीजीत असतो, पुढच्या आठवड्यात घरी. जिवाचं काही झालं तर मदत कुठे पाठवायची, हे तुला त्या क्षणी माहीत हवं. क्लायंटच्या जवळच्या एका माणसाचा नंबर पहिल्याच भेटीत, क्लायंटच्या संमतीनं घे. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे. तो क्लायंटच्याच फोनमध्ये सेव्ह करून घे. झोप अनेक रात्री उडाली असेल, कानात आवाज येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव, खासगी परवडत नसेल तर सिव्हिलला. औषधांवर आपण मत देत नाही, "त्या गोळ्या सोड" तर कधीच नाही.

फी, वेळ, रात्रीचे व्हॉट्सॲप मेसेज, हे सगळं आधी बोलून घे, पुढे संकोच होतो.

आणि एखाद्या क्लायंटची आई फोन करेल, "पोरगा काय म्हणाला?" फी तिनं भरलेली असेल. तरीही, सज्ञान मुलाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच केला आहे. अपवाद क्लायंटला सुरुवातीलाच सांग: जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार ते कळवावंच लागतं.

गड्ड्याच्या यात्रेत किंवा नवी पेठेत क्लायंट सहकुटुंब समोर येईल. आपण आधी ओळख दाखवायची नाही, त्यांनी हात केला तर हात करायचा. हेही त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर ताई बघून न बघितल्यासारखं करतात म्हणून पुढच्या सेशनची पंधरा मिनिटं रुसव्यात जातील.

सुरुवातीच्या केसेस एकटीनं ओढू नकोस. शनिवारी दुपारी मी मोकळी असते. नावं, गल्ली, नोकरी गाळून सांग, आणि फोन करशील तेव्हा तुझ्याही खोलीत कोणी नसेल असं बघ.

तुझी,
मावशी