ट्रेनिंगमध्ये नुसते कांदे सोलायला लावतात. शेफ व्हायचा नाद सोडावा का? आणि 'या क्षेत्रात का आलात' या प्रश्नाला मुलाखतीत काय सांगावं?

नाद सोडू नकोस. या धंद्यात मला अकरा वर्षं झाली, तू दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणून अरे-तुरे करतोय. कांद्यांकडे नंतर येतो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नानं माझी जुनी जखम उघडली, आधी ते सांगतो.

सांगलीत विश्रामबागला आमची खाणावळ होती. वालचंद कॉलेजच्या पोरांचे चाळीस डबे, दोन्ही वेळचे. आई आणि हाताखाली एक मावशी. आठवीपासून मी डबे पोचवून मग शाळेत जायचो. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटचा फॉर्म भरला तर काका म्हणाले, "तुझ्या आईनं इंजिनियरांचे डबे भरले ते तू इंजिनियर व्हावंस म्हणून. तू परत पळीच धरणार?" ते इतकं लागलं की कॉलेजात खाणावळीचं नावच काढायचं नाही असं ठरवलं. कुणी विचारलं की 'पॅशन' म्हणून मोकळा व्हायचो.

ट्रेनिंगला मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात होतो. बाकीची पोरं कॉन्टिनेंटलला, बेकरीला. मला टाकलं स्टाफ कॅफेटेरियात, अडीचशे कामगारांच्या डाळ-भाताला. एका सकाळी तिथला 'कमी' (commis, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा स्वयंपाकी) आलाच नाही आणि डाळ माझ्यावर आली. मी आईसारखी आमटी केली. आमची कांदा-लसूण चटणी तिथं कुठली मिळणार, म्हणून सुकं खोबरं, तीळ, धणे भाजून तिखटाबरोबर वाटले. तूरडाळ गरम असतानाच घोटून घेतली. फोडणीत ठेचलेला लसूण लालसर झाला की गॅस बंद आणि मगच वाटण, नाहीतर तिखट जळून कडू होतं. मग डाळ, आणि वरून आधणाचंच पाणी. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, तर्री येत नाही. शेवटी चिंचेचा कोळ नि गूळ.

हाउसकीपिंगच्या बायका वाट्या घेऊन परत आल्या. सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचे, खाली आले, चमचाभर चाखली, अजून एक चमचा घेतला आणि विचारलं, "कुठं शिकलास?"

मी म्हणालो, "कॉलेजात, सर."

रात्री आईचा फोन आला, "जेवलास का?" मला बोलताच येईना.

म्हणून सांगतो, मुलाखतीत खरं सांग. पहिल्यांदा पळी कुठं धरलीस, कुणी शिकवलं, काय बिघडलं, काय जमलं. समोरचा शेफ पुढचा प्रश्न त्यातूनच काढतो. आणि 'पाच वर्षांत एक्झिक्युटिव्ह शेफ' असलं काही बोलू नकोस. कमी थ्री, टू, वन, मग डेमी, मग शेफ द पार्टी (किचनच्या एका विभागाचा प्रमुख; डेमी त्याच्या हाताखालचा), मग सू शेफ, ही शिडी तो स्वतः चढून आलाय. मी आज पुण्यात शेफ द पार्टी आहे. मला सांगलीत तीस खुर्च्यांचं जेवणघर काढायचंय, आईच्या नावाचं. हे मी आता प्रत्येक मुलाखतीत सांगतो. तीन ठिकाणी सांगितलं, तिन्ही ठिकाणी घेतलं.

तुझ्याही घरी कुणी 'आचारीच होणार ना' म्हणत असेल, तर हो म्हण. आचारी हा शब्द वाईट नाही. चाळीस पोरांना चार वर्षं एकदाही शिळं न वाढणाऱ्या बाईचं काम हलकं, असं काकांना वाटत होतं. त्याच डब्यांवर माझी फी भरली गेली, हे मी त्यांना तेव्हा सुनवायला हवं होतं.

कांद्यांचं. ब्रुन्वा म्हणजे 3 मिमीचे चौकोन. पोतंभर कांदा कापल्याशिवाय हात तिथं बसत नाही, आणि तुकडे लहान-मोठे झाले की कढईत अर्धे जळतात, अर्धे कच्चे राहतात. पण महिनाभर सोलण्यापलीकडे काहीच दिलं नाही, तर शेफला सरळ विचार की दुपारच्या ब्रेकमध्ये सॉसवर उभा राहू का. मी विचारलं नव्हतं. आणि कुणी हात उगारला तर सहन करू नकोस, त्याच दिवशी कॉलेजच्या ट्रेनिंगच्या सरांना कळव. लॉगबुकवर सही दर आठवड्याला घेत जा, शेवटच्या दिवशी शेफ हमखास रजेवर असतात.