रग्बीपटू सिया कोलिसीचं बालपण कुठे गेलं आणि त्याला कोणी वाढवलं?

दक्षिण आफ्रिकेत, तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथजवळच्या (आताचं केबेऱ्हा) झ्विडे या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत त्याचं बालपण गेलं आणि त्याला मुख्यतः वडिलांच्या आईने, म्हणजे आजीने वाढवलं. जन्म १६ जून १९९१ चा. तेव्हा आई-वडील दोघंही शाळकरी वयाचे होते, त्यामुळे तान्हं बाळ आजीकडे आलं. घरात कित्येकदा खायला काही नसे, हे त्याने आत्मचरित्रात आणि मुलाखतींतही मोकळेपणाने सांगितलं आहे. पहिले धडे वस्तीतल्याच आफ्रिकन बॉम्बर्स क्लबात मिळाले. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत तो नजरेत भरला आणि ग्रे या नावाजलेल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या मते खरं वळण तेच, कारण रोजचं पोटभर जेवणही तिथेच मिळू लागलं. किशोरवयातच आई आणि आजी दोघी गेल्या. पुढे धाकट्या सावत्र भावंडांना शोधून त्याने आपल्या घरी आणलं.

एक दुरुस्ती: काही ठिकाणी त्याला अनाथ म्हटलेलं दिसतं, ते चूक आहे. २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला त्याचे वडील योकोहामात हजर होते.