‘उपलब्ध नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

यवतमाळकडच्या एका कास्तकार वाचकाचा प्रश्न आहे. शेतीसल्ला देणाऱ्या फोनवरच्या यंत्राला त्यांनी कपाशीतल्या बोंडअळीबद्दल विचारलं. उत्तर आलं, ‘आपल्या शेतातील अळीची नोंद उपलब्ध नाही.’ “पुतन्या म्हंते, म्हंजे अळी नाही. खरं काय जी?” पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या अभ्यासक्रमात ‘ऑटोएपिस्टेमिक लॉजिक’ आहे, म्हणजे स्वतःच्याच समजुतींबद्दल विचार करण्याचं तर्कशास्त्र. त्याला मराठीत काय म्हणावं, हेही विचारलं आहे.

पुतण्या चुकला, आणि त्याच्यासारखे रोज शंभर जण चुकतात. दाखला उपलब्ध नाही म्हणजे माणूस जन्मलाच नाही, अशा थाटात खिडकीमागून उत्तरं मिळतात. ‘उपलब्ध’चा ‘मिळण्याजोगा’ हा अर्थ सर्वांना येतो, तो सोडू. हिंदीच्या नादानं सत्काराच्या फ्लेक्सवर ‘भाऊंची उपलब्धी’ छापतात, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. खरी मौज धातूत आहे. लभ् म्हणजे मिळणं. पण आधी ‘उप’ लागला की न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, हे मिळणं सरळ मनात घडतं. न्यायसूत्रात गौतम म्हणतो, ‘बुद्धिरुपलब्धिर्ज्ञानमित्यनर्थान्तरम्’. बुद्धी, उपलब्धी, ज्ञान, तिन्हींचा अर्थ एकच. तेव्हा अनुपलब्धी ही वस्तूची नसतेच, ती जाणणाऱ्याची असते. यंत्र ‘उपलब्ध नाही’ म्हणालं तेव्हा ते अळीबद्दल काहीच बोललं नाही, स्वतःबद्दल बोललं.

मग न कळण्यावरून ‘नाही’ म्हणायचंच नाही का? म्हणायचं, पण अट पाळून. मीमांसा या दुसऱ्या दर्शनातल्या कुमारिल भट्टाच्या अनुयायांनी अनुपलब्धीला सहावं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं सहावं साधन, मानलं आणि तिला ‘योग्य’ हे विशेषण जोडलं. घडा इथे असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच ‘दिसत नाही, म्हणून नाही’ म्हणता येतं. अंधारात घडा न दिसणं हा कसलाच पुरावा नाही. मीमांसेतल्याच प्रभाकराला हे वेगळं प्रमाण मान्य नव्हतं. नुसती जमीन दिसणं हाच घड्याचा अभाव, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. नुसती जमीन बघून मला घड्याची आठवणही होणार नाही. ‘घडा असता तर’ हा विचार कुठून तरी यावा लागतो, आणि तो डोळ्यांतून येत नाही.

गुलाबी बोंडअळी ही अंधारातली गोष्ट आहे. बारीक असतानाच ती बोंडात शिरते, तिनं पाडलेलं छिद्र बुजतं आणि बोंड वरून हिरवंगार, टणक दिसत राहतं. धुऱ्यावरून फिरून ‘अळी दिसत नाही’ म्हणणं म्हणूनच फोल. वीस हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायला सांगतात ते याचसाठी. फोडल्यावर मात्र अळी असेल तर दिसतेच. तिथे न दिसण्याला वजन येतं. फोनमधल्या यंत्रानं एकही बोंड फोडलेलं नाही.

आता पुतण्याचा धडा. मॅकडरमॉट आणि डॉयल या संगणकशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये असं तर्कशास्त्र मांडलं की नवी माहिती आली तर जुना निष्कर्ष मागे घेता यावा. रॉबर्ट मूरनं १९८५ मध्ये त्याची उलटतपासणी केली आणि दोन गोष्टींची फारकत केली. ‘पक्षी सहसा उडतात’ हा एक अंदाज. पण ‘मला मोठा भाऊ नाही, असता तर मला ठाऊक असता’ हा अंदाज नव्हे. इथे माणूस स्वतःच्या समजुतींची झडती घेतो. कुमारिलाचा घडा आणि मूरचा भाऊ एकाच घरातले. ‘बघा, सगळं आपल्याकडे होतंच’ म्हणणाऱ्यांनी मात्र टाळ्या पिटू नयेत. मूरनं मागितलं ते वेगळं आहे: यंत्राच्या समजुतींचा संच असा हवा की ‘मी हे मानतो’ आणि ‘मी हे मानत नाही’ ही त्याची स्वतःबद्दलची विधानं त्याच संचाशी तंतोतंत जुळावीत. एवढा ताळा कुमारिलानं मांडलेला नाही.

माझं एक लाडकं मत आहे. मूरला ‘मी मानतो’ यासाठी एक खास चिन्ह घ्यावं लागलं. आपल्याकडे ते ‘ला’ या प्रत्ययातच आहे. मला वाटतं, मला दिसतं, मला ठाऊक आहे, वऱ्हाडीत ‘मले’. पण नकार आला की हीच भाषा दगा देते. ‘तो येईल असं मले वाटत नाही’ याचा शब्दशः अर्थ माझ्या मनात तशी समजूत नाही, एवढाच. ऐकणारा मात्र ‘तो येणार नाही’ असंच ऐकतो आणि चुलीवरचं आधण उतरवतो. पुतण्यानं नेमकं हेच केलं. व्याकरणाच्या पुस्तकांत कर्त्याला ‘मला’सारखी चतुर्थी का लागते यावर पानंच्या पानं सापडतात, पण ‘नाही’ वाक्यात कुठून कुठे सरकतो यावर दोन ओळी सापडतील तर शपथ.

नावाचं म्हणाल तर ‘स्वज्ञानमीमांसात्मक’ वगैरे नको. हा कारभार ज्ञानाचा नाही, मानण्याचा आहे, आणि मानलेलं खोटंही असू शकतं. ‘आत्मविश्वासाचं तर्कशास्त्र’ चपखल बसलं असतं, पण तो शब्द व्याख्यानवाल्यांनी पळवला. मी ‘स्वधारणा-तर्क’ म्हणतो.

पुतण्याला परीक्षेत ‘मी मानतो, तर ते खरं’ एवढंच गृहीतक दिलं, तर त्यानं दोन उत्तरं लिहावीत: मानणारा संच जुळतो, न मानणाराही जुळतो. यातला पहिला निव्वळ स्वतःच्याच खांद्यावर उभा असतो, चौकातल्या बातमीसारखा. ‘मी मानत नाही, तर ते खरं’ असं दिलं तर एकही संच जुळत नाही. तिथे तसं स्पष्ट लिहावं, कागद कोरा सोडू नये.